स्मिता पाटील

स्मिता पाटील (१७ ऑक्टोबर, १९५५ - १३ डिसेंबर, १९८६) या मराठी व हिंदी चित्रपटांतील भारतीय अभिनेत्री होत्या. समांतर चित्रपटाच्या चळवळीतील त्या एक प्रमुख कलावंत होत. विवाहबाह्य संबंधातील 'दुसऱ्या स्त्री'ला खलनायिका न ठरवता तिची बाजू पडद्यावर मांडणाऱ्या त्यांच्या भूमिका विशेष उल्लेखनीय आहेत.

पूर्वायुष्य

स्मिता यांचा जन्म पुणे येथे झाला. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील हे खानदेशातील राजकीय नेते, तर आई विद्याताई या समाजकार्यकर्त्या होत्या. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्यांच्या निवेदिका म्हणून काम करत असताना दिग्दर्शक श्याम बेनेगल यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले.

चित्रपट कारकीर्द

'चरणदास चोर' (१९७५), 'निशांत' (१९७५) आणि 'मंथन' (१९७६) या बेनेगल यांच्या चित्रपटांनी त्यांची ओळख निर्माण केली. जब्बार पटेल दिग्दर्शित 'जैत रे जैत' (१९७७) व 'उंबरठा' (१९८२) हे त्यांचे महत्त्वाचे मराठी चित्रपट होत. केतन मेहता यांचा 'मिर्च मसाला' त्यांच्या निधनानंतर प्रदर्शित झाला.

'दुसऱ्या स्त्री'च्या भूमिका

अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारित 'भूमिका' (१९७७) मधील उषा सुखाच्या शोधात एका विवाहित जमीनदाराच्या घरी राहू लागते. तिथे तिला मान मिळतो, पण उंबऱ्याबाहेर पडण्याची मुभा मिळत नाही. अंथरुणाला खिळलेली पहिली पत्नी आणि उषा या एकाच बंदिवासात असल्याचे चित्रपट दाखवतो.

महेश भट्ट यांच्या 'अर्थ' (१९८२) मध्ये त्यांनी कविता ही यशस्वी, परंतु मनाने अस्थिर अभिनेत्री साकारली. पत्नी पूजाची भूमिका शबाना आझमी यांची, तर पती इंदरची कुलभूषण खरबंदा यांची होती. कविता अपराधभाव आणि असुरक्षिततेने ग्रासलेली आहे. ज्या पुरुषाने एकीला सोडले, तो आपल्यालाही सोडेल, ही भीती तिला छळते. अखेरीस ती स्वतःच इंदरपासून दूर होते आणि पूजाही त्याला पुन्हा स्वीकारत नाही. त्यामुळे दोषाचे ओझे दोन स्त्रियांपैकी कोणा एकीवर न पडता पुरुषाच्या वर्तनाकडे वळते.

याच काळात त्यांनी या त्रिकोणाची दुसरी बाजूही रंगवली. 'उंबरठा'मधील सुलभा महिलाश्रमातील नोकरी सोडून घरी परतते, तेव्हा पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. 'आखिर क्यों?' (१९८५) मध्येही त्यांनी पतीने फसवलेल्या पत्नीची भूमिका केली.

वैयक्तिक जीवन

अभिनेते राज बब्बर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बब्बर आधीच विवाहित असल्याने स्मिता यांच्यावर बरीच टीका झाली. पडद्यावर ज्या स्त्रीला त्यांनी सहानुभूती मिळवून दिली, तिच्या वाट्याचा लोकापवाद त्यांना प्रत्यक्षातही सोसावा लागला. २८ नोव्हेंबर, १९८६ रोजी त्यांचा मुलगा प्रतीक याचा जन्म झाला. प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीमुळे दोन आठवड्यांतच, वयाच्या ३१व्या वर्षी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. प्रतीक हेही पुढे चित्रपट अभिनेते झाले.

पुरस्कार

'भूमिका' आणि 'चक्र' या चित्रपटांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री पुरस्काराने सन्मानित केले.