खलाशांचा सेवक : संत फ्रान्सिस झेवियर

औसा हे भुईकोट किल्ल्याचे गाव. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही ज्या घरातील मुलगा नौदलात अथवा व्यापारी जहाजावर आहे, त्या घरातील मातेची प्रार्थना रोज सागरापर्यंत पोहोचते. अशा कुटुंबांनी ३ डिसेंबर रोजी, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाच्या दिवशी, त्यांच्या जीवनाचा एक कमी परिचित पैलू अवश्य आठवावा.

७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनमधील नवार प्रांतात एका सरदार घराण्यात फ्रान्सिस यांचा जन्म झाला. पॅरिस विद्यापीठात संत इग्नेशियस यांच्या सहवासाने त्यांचे जीवन पालटले. ७ एप्रिल १५४१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन बंदर सोडले. पोप महोदयांचे प्रतिनिधी या नात्याने त्यांना जहाजावर मानाचे स्थान होते. तथापि त्यांनी नोकर नाकारला, स्वतःचे कपडे स्वतः धुतले आणि गव्हर्नरच्या पंक्तीतून मिळणारे अन्न आजाऱ्यांना वाटून दिले.

त्या काळी खलाशाचे जीवन स्वस्त होते. कुजलेले अन्न, दूषित पाणी आणि तापाच्या साथी यांनी माणसे दगावत. मोझांबिक येथे जहाजे अनेक महिने अडकून पडली असता फ्रान्सिस आणि त्यांचे सोबती रुग्णांच्या उशाशी राहिले. फ्रान्सिस स्वतःही तापाने आजारी पडले. ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचल्यावरही त्यांनी मुक्कामासाठी रुग्णालयच निवडले.

त्यांची खरी कसोटी मात्र १५४४ साली लागली. मोती काढणाऱ्या परवर कोळीबांधवांच्या गावांवर घोडेस्वारांनी हल्ला केला. अनेक कुटुंबे कन्याकुमारीजवळ समुद्रातील खडकांवर जाऊन बसली आणि तेथे अन्नपाण्याविना माणसे मरू लागली. फ्रान्सिस वीस होड्यांत अन्न भरून मनपाडहून निघाले. आठ दिवस वल्ही मारूनही उलट वाऱ्यामुळे त्यांना पोहोचता आले नाही. ते परतले, पण थांबले नाहीत. जमिनीच्या वाटेने पायी चालत ते त्या पीडितांपर्यंत गेले. वृद्ध, उपाशी मुले आणि वाटेतच बाळंत झालेल्या स्त्रिया पाहून त्यांचे हृदय हेलावले.

३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर त्यांनी देह ठेवला. १६२२ साली त्यांना संतपद बहाल झाले.

हीच सेवा पुढे प्रापंचिक स्वयंसेवकांनीही हाती घेतली. १९२० साली ग्लासगो येथे सागरी प्रेषितकार्याचा आरंभ झाला. आज ते स्टेला मॅरिस या नावाने चालते. बंदरात जहाजावर जाऊन विचारपूस करणे, घरच्यांशी संपर्क साधून देणे, आजारी खलाशाला भेटणे ही त्याची साधी कामे. २०२० साली कोरोनाकाळात असंख्य खलाशी महिनोन्‌महिने जहाजांवरच अडकले, तेव्हा या कामांचे मोल जगाला कळले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याच औसा तालुक्यातील किल्लारी उद्ध्वस्त झाले, तेव्हा दूरदूरचे अनोळखी हात आपल्यासाठी धावून आले होते. ते ऋण फेडण्यास समुद्रकिनारी जाण्याची गरज नाही. आपल्या धर्मग्रामातील ज्या घरचा माणूस सागरावर आहे, त्या घरी जावे, वृद्ध मातापित्यांना दवाखान्यात न्यावे, मुलांची चौकशी करावी. वारा उलट असला तरी पायवाट असतेच, हे संत फ्रान्सिस यांनी दाखवून दिले आहे. त्यांच्या मध्यस्थीने प्रभू येशू सागरावरील सर्व बंधुभगिनींचे रक्षण करो.