लेफ्टनंट आंबेडकर आणि अर्धवट राहिलेला अभ्यास

एके काळी महाराष्ट्रात उच्च शिक्षण म्हटले की काशीचे नाव निघे. घरचे शिक्षण संपवून मुलगा काशीला जाई आणि शास्त्री होऊन परत येई. त्या शहराशी मराठी लष्करी घराण्यांचेही नाते होते. वाराणसीतल्या संकठा घाटाच्या एका बाजूला शिंदे घाट आहे, तर दुसऱ्या बाजूला थोड्याच अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट. तलवार गाजवणाऱ्या घराण्यांनी विद्येच्या नगरीत बांधलेले हे दगडी घाट आजही उभे आहेत. परंतु त्या काशीची वाट सर्वांसाठी खुली नव्हती. एका सुभेदाराच्या मुलाला तर शाळेतच संस्कृत शिकू दिले नाही. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मल्यामुळे त्याला त्याऐवजी फारसी घ्यावी लागली. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. आजोबा मालोजी सैन्यात होते आणि वडील रामजी सुभेदार. रामजींच्या कामाचा मोठा भाग बंदुकीपेक्षा खडू-फळ्याशी संबंधित होता, कारण ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्या काळी छावणीत सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे असे. गावात ज्यांना शाळेची पायरी चढता येत नव्हती, अशा कुटुंबांत सैन्यामुळे अक्षरओळख पोहोचली. पुढे सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली आणि ही वाटही आखडली. रामजींनी मात्र निवृत्तीनंतर तुटपुंज्या पेन्शनवर मुलाचे शिक्षण नेटाने चालू ठेवले.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. आपल्या मुलाला तिथे अस्पृश्यतेचा जाच होईल, या भीतीने वडिलांना ही नोकरी पसंत नव्हती. रुजू होऊन काही दिवस होतात न होतात तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी ते मुंबईला पोहोचले, तेव्हा सुभेदारांचा अखेरचा काळ जवळ आला होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी देह ठेवला. लेफ्टनंट आंबेडकरांची सैनिकी नोकरी तिथेच थांबली.

त्याच सुमारास महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवायचे ठरवले. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, ही त्यातली अट होती. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एम. ए. झाले आणि पुढच्या वर्षी लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा असे दोन्ही अभ्यास त्यांनी एकाच वेळी सुरू केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार परतणे भाग पडले. येताना त्यांनी विद्यापीठाकडून एक परवानगी मात्र मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास जिथे थांबला होता तिथून पुढे चालू करता येणार होता.

ते दिवस पहिल्या महायुद्धाचे होते. भीमराव ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला सुखरूप उतरले, पण त्यांचे सामान ज्या बोटीत होते ती जर्मन पाणबुडीने बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. त्या सामानाच्या नुकसानभरपाईच्या पैशांतून त्यांनी बडोद्याला जाण्याचा खर्च भागवला.

बडोद्यात त्यांची नेमणूक महाराजांचे लष्करी सचिव म्हणून झाली. हुद्दा मोठा होता, पण कचेरीतले शिपाई फायली लांबून त्यांच्या टेबलावर फेकत. पिण्याचे पाणीही मिळत नसे. शहरात कुणी घर देईना. नाव बदलून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. ते कळताच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तिथून बाहेर पडावे लागले. एका बागेत झाडाखाली बसून परदेशातून शिकून आलेला हा विद्वान ढसाढसा रडला. त्या रात्री गाडीने ते मुंबईला परतले.

आता नोकरी नव्हती, हातात पैसा नव्हता, घरी रमाबाई आणि लहान यशवंत होते. चार वर्षांच्या मुदतीतला एकेक महिना सरत होता. खासगी शिकवण्या आणि मिळेल ते काम करत असताना नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार ४५० रुपये होता. तरीही त्यांनी राहणी साधीच ठेवली आणि पै-पै शिल्लक टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि जुलैमध्ये लंडनची बोट पकडली. मुदत संपायला अजून वर्षाहून अधिक काळ शिल्लक होता.

लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तिथेच असत. जेवण बेताचे, रात्री भूक लागली तर घरून आणलेले पापड. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर अशा पायऱ्या ते चढले. रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी पुन्हा लिहायला सांगितला. तोवर पैसे संपले होते. ते मुंबईला आले, प्रबंध इथेच नव्याने लिहून काढला आणि लंडनला पाठवला. १९२३ च्या अखेरीस तो मान्य झाला. कोलंबियाची पीएच. डी. तर १९२७ मध्ये हाती आली. ज्या शिक्षणासाठी त्यांनी १९१३ मध्ये करारावर सही केली होती, ते पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली.

पुढची कामगिरी सर्वांना ठाऊक आहे. आपल्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट महत्त्वाची. १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर होते. महारांना सैन्याची दारे पुन्हा उघडावीत, ही त्यांची जुनी मागणी होती. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

आज एनडीएतून बाहेर पडणाऱ्या कॅडेटच्या हाती जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी असते. पण पुढचे शिक्षण घ्यायचे म्हटले की नोकरीचा करार, रजा, बदली, घरखर्च असे अडसर येतातच. अशा वेळी बाबासाहेबांची ती चार वर्षांची परवानगी आठवावी. परतावे लागणार हे दिसताच त्यांनी आधी पुन्हा जाण्याची सोय केली, मग परीक्षेइतक्याच शिस्तीने पैसा उभा केला. अभ्यास तीनदा अडला. तिन्ही वेळा त्यांनी तो मागच्याच पानावरून पुढे सुरू केला.

नोव्हेंबर १९५६ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, बाबासाहेब वाराणसीला गेले. लहानपणी ज्यांना संस्कृतच्या वर्गात बसू दिले नव्हते, त्यांना ऐकायला तेव्हा काशीतले विद्यार्थी जमले होते.