नामदार गोखले : विरोधक म्हणजे शत्रू नव्हे



निवडणूक जवळ आली की राजकीय पक्ष वर्गातल्या बाकांपर्यंत पोहोचतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. घरी ऐकलेलं मुलं शाळेत बोलतात. आपल्या नेत्याला नावं ठेवली म्हणून कालपर्यंत एकत्र डबा खाणारे दोन मित्र वेगळे बसतात. अशा वेळी भांडू नका एवढं सांगून भागत नाही. त्यांना गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट सांगून बघा.

बालपण आणि शिक्षण

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी झाला. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून नोकरी धरली आणि तुटपुंज्या पगारातून धाकट्याला शिकवलं. गणित सोडवताना दुसऱ्याची मदत घेतली होती म्हणून शाबासकी मिळताच रडू लागलेल्या लहानग्या गोपाळची गोष्ट आजही सांगितली जाते. १८८४ साली ते बी.ए. झाले आणि पुढे पुण्यात शिक्षक झाले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी १९०२ पर्यंत शिकवलं. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक कित्येक वर्षं शाळांमधून चाललं. म्हणजे बघा, हा माणूस आपल्यातलाच!

एका शहरात दोन तट

लोकमान्य टिळक आणि गोखले दोघेही डेक्कन एज्युकेशन सोसायटीतले. पण मतं जुळेनात. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांनी पुढच्या वर्षी डेक्कन सभा काढली. स्वदेशी, बहिष्कार, चळवळ करून सरकारला वाकवू म्हणणारे ते जहाल. कायदेमंडळात आकडे मांडून, सनदशीर मार्गाने एकेक हक्क मिळवू म्हणणारे ते मवाळ. दोघांनाही देशाचं भलंच हवं होतं. अर्ज-विनंत्यांना सरकार दाद देत नाही, हे जहालांचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि अभ्यासाशिवाय राज्य चालवता येत नाही, हे मवाळांचं म्हणणंही खरंच होतं.

माफीची किंमत

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. गोरे सोल्जर घरात शिरून झडत्या घेत, लोकांचा छळ होई. गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्याच्या मित्रांच्या पत्रांवरून त्यांनी सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तिथे जाहीर केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पुरावा हाती लागेना. मित्रांची नावं सांगून मोकळं होता आलं असतं. गोखल्यांनी ती सांगितली नाहीत. सगळा दोष स्वतःकडे घेऊन त्यांनी जाहीर माफी मागितली.

त्याच सुमारास टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात १८ महिन्यांची शिक्षा झाली. एक तुरुंगात गेला आणि दुसऱ्याने माफी मागितली, एवढंच लोकांनी पाहिलं. गोखल्यांची भित्रा म्हणून हेटाळणी झाली. लहानपणच्या त्या गणितापेक्षा ही परीक्षा फार कठीण होती. तट पडले की चूक कबूल करणारा हरला असंच धरलं जातं.

सुरतेचा मंडप

डिसेंबर १९०७. सुरतेला काँग्रेसचं अधिवेशन. अध्यक्षाच्या निवडीवर बोलायला टिळक व्यासपीठावर गेले. परवानगी मिळेना, ते हटेनात. समोरून एक जोडा भिरभिरत आला. खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या. काही जण टिळकांच्या अंगावर धावले. तेव्हा गोखले पुढे झाले आणि दोन्ही हात आडवे करून टिळकांच्या संरक्षणाला उभे राहिले. हजर असलेल्या नेव्हिन्सन नावाच्या इंग्रज पत्रकाराने हे लिहून ठेवलं आहे. टिळक मात्र कुणाचं संरक्षण न मागता हाताची घडी घालून निर्भयपणे उभे होते. हे चित्र मुलांसमोर नक्की उभं करा.

काँग्रेस मात्र फुटलीच. पुढच्या वर्षी टिळकांना ६ वर्षांसाठी मंडालेला पाठवलं. त्यात गोखल्यांचा हात असल्याचा संशयही काहींनी पसरवला.

शिक्षणाचं विधेयक

१९११ साली गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची वाट मोकळी करणारं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. ते खचले नाहीत. आज आपण शिक्षण हक्क कायदा राबवतो, त्याच्या मागे ही हरलेली लढाई आहे.

अखेर

टिळक १९१४ साली सुटून आले. दोन्ही गट जोडण्याच्या वाटाघाटी झाल्या आणि फिसकटल्या. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले, वय अवघं ४८. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. ते खाली आले, अंत्ययात्रेला गेले आणि जमलेल्या लोकांसमोर गोखल्यांचा गौरव करून त्यांचा आदर्श घ्या असं सांगितलं. १९१६ मध्ये लखनौला दोन्ही गट पुन्हा एका मंडपात बसले. ते पाहायला गोखले नव्हते.

टिळक-गोखल्यांचे मतभेद शेवटपर्यंत मिटले नाहीत. तरी एकाने दुसऱ्यासाठी हात आडवे केले आणि दुसऱ्याने पहिल्याला निरोप देताना मान दिला. पालकहो, बातम्या बघताना तुमच्या तोंडून विरोधकांसाठी कोणते शब्द जातात, ते मूल ऐकत असतं बरं का.

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न

१. गोखल्यांनी मित्रांची नावं सांगायला हवी होती का? तुम्हाला काय वाटतं?
२. जहालांचं आणि मवाळांचं प्रत्येकी एक पटणारं म्हणणं लिहा.
३. ज्याचं मत तुम्हाला अजिबात पटत नाही, अशा मित्राचा एक चांगला गुण सांगा.