ऑलिंपिकवीर कै. खाशाबा जाधव



बेळगाव-निपाणीच्या या मुलखात तांबड्या मातीचा आखाडा ठाऊक नसलेले गाव विरळाच. जत्रा भरली की मैदान भरते, रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी प्रारंभ होतो आणि दिवेलागणीला मोठी जोड लागते. आमची घरची भाषा कोंकणी. त्यामुळे ढाक, धोबीपछाड हे शब्द आम्हांला प्रथम आमच्या विद्यार्थ्यांकडूनच शिकावे लागले. ज्या मल्लाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत, त्याचा हातखंडा डाव ढाक हाच होता.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल; पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना मातीत उतरविले. पुढे कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देण्याच्या कामीही या मुलाचा हात होता. देहयष्टी मात्र ठेंगणी व सडसडीत. पैलवान म्हणताच जे आडदांड रूप आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, त्याचा येथे मागमूस नव्हता.

हीच गोष्ट कोल्हापुरात त्यांच्या आड आली. राजाराम कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांनी कुस्तीसाठी नाव द्यावयास जावे, तो तेथील क्रीडाशिक्षकांनी त्यांचा बांधा पाहून नकार दिला. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेक जण काय करतात, हे आम्ही शाळेत नित्य पाहतो. कोणी रुसून बसतो, कोणी मित्रांपाशी कुरकुरतो, आणि कोणी तर स्पर्धाच क्षुद्र होती असे स्वतःचे समाधान करून घेतो. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले आणि त्यांनी केवळ एक संधी मागितली. बक्षीस नव्हे, सवलत नव्हे; लढण्याची परवानगी. ती मिळाली, आणि आपल्याहून धिप्पाड मल्लांना त्यांनी एकामागून एक आस्मान दाखविले.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलल्यामुळे खाशाबांना तेथे जाता आले. ते फ्लायवेट म्हणजे सर्वांत हलक्या वजनगटात उतरले. येथे एक अडचण नीट समजून घेतली पाहिजे. आपली कुस्ती मातीतली. माती पायाला धरून ठेवते, दमाला महत्त्व देते, आणि पाठ टेकेपर्यंत लढत चालू राहते. ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. तेथे पाय झरझर फिरतो, घड्याळ लावलेले असते आणि पंच गुण मोजतात. जन्मभर मातीत घुमलेल्या तरुणाने तेथे उभे राहणे म्हणजे विहिरीत पोहणाऱ्याने एकदम समुद्रात उडी घेण्यासारखेच होय. लंडनमध्ये रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन शिक्षकाने त्यांना गादीचे तंत्र दाखविले. त्या अल्प शिदोरीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच लोळविले. पुढे इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांना हार पत्करावी लागली. त्यांचा क्रमांक सहावा लागला.

सहावा क्रमांक! पाहणाऱ्यांना या तरुणाचे कौतुक वाटले. त्यांना स्वतःला मात्र पुढे पाच जण होते एवढेच दिसले असावे, असे त्यांच्या पुढील चार वर्षांवरून आम्हांस वाटते. परत येताच ते पुन्हा तालमीत दाखल झाले. आता ते बँटमवेट या वरच्या, ५७ किलोच्या गटात लढू लागले. म्हणजे प्रतिस्पर्धी अधिक वजनाचे, अधिक ताकदीचे. पराभवानंतर सोपी वाट धुंडाळण्याचा मोह किती प्रबळ असतो, हे ज्याने कधी शर्यत हरली आहे त्याला सांगावयास नको.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी मद्रास येथे निवड झाली. तेथे एका गुणाने हार ठरवून त्यांना वगळण्यात आले. निर्णय अन्यायाचा आहे अशी त्यांची खात्री होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. प्रतिस्पर्ध्याशी फेरलढत ठरली आणि खाशाबांनी ती जिंकली. अन्यायाची तक्रार करणारा पुष्कळदा तेथेच थांबतो; ती तक्रार खरी होती हे मैदानात सिद्ध करून दाखविण्याची तयारी थोड्यांचीच असते.

निवड झाली, पण पैसा कोठून आणायचा? कऱ्हाडच्या पंचक्रोशीत घरोघर वर्गणी फिरली. तरीही तूट राहिली, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आम्ही शिक्षक मंडळी विद्यार्थ्यांना उपदेश फार करतो. घर गहाण ठेवणारा शिक्षक आम्हांला तरी दुसरा माहीत नाही.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांवर विजय मिळविले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची कुस्ती दीर्घकाळ चालली व ती ते हरले. त्या झुंजीचा शीण उतरतो न उतरतो तोच त्यांना रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हविरुद्ध उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळावयास हवी होती. परंतु तो हक्क बजावण्यासाठी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या देहाने ते लढले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याच सामन्यांत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. तसेच आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले यांचेही. १९२० साली अँटवर्प येथे मॅरेथॉन शर्यत धावून ते १९ वे आले होते.

कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि गोळेश्वरपर्यंतच्या थोडक्या वाटेला तिने कित्येक तास घेतले. तो उत्सव ओसरल्यावर खाशाबांनी जे केले, ते आम्हांस पदकाहून उणे वाटत नाही. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यांत लढले आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते मुंबई पोलीस दलात फौजदार झाले व सहायक पोलीस आयुक्त पदापर्यंत चढून निवृत्त झाले. सन्मानांची बाब मात्र फार कष्टाची आहे. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला; २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले. दुसऱ्या भारतीयाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते १९९६ साली, टेनिसपटू लिअँडर पेस यांना. मध्ये ४४ वर्षे गेली होती.

गोळेश्वरच्या त्यांच्या घराचे नाव ‘ऑलिंपिक निवास’ असे आहे. निपाणीहून पुण्यास जाणारी मोटार कोल्हापूर मागे टाकून कऱ्हाडवरूनच पुढे जाते. तेथून ते गाव अगदी जवळ आहे.