सुकुमार सेन आणि माझं कोरं बोट

२० नोव्हेंबर २०२४. बुधवार, विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. हॉस्टेल निम्मं रिकामं होतं, कारण ज्यांची नावं गावच्या यादीत होती ते आदल्या रात्रीच एसटीने घरी पळाले होते. मी मात्र दुपारपर्यंत झोपलो. रात्री मेसमध्ये ताट घेऊन उभा राहिलो तेव्हा काकूंनी पोळी वाढता वाढता माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या बोटावर शाईची रेघ होती. मत दिलं नाहीस का रे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, यादीत नावच नाही.

हे अर्धंच खरं होतं. पूर्ण खरं सांगायचं तर फर्स्ट इयरला एनएसएसवाल्यांनी कॅन्टीनसमोर टेबल टाकून फॉर्म ६ वाटले होते. मीही एक घेतला, मेकॅनिक्सच्या जर्नलमध्ये ठेवला. जर्नल चेक होऊन परत आलं तरी फॉर्म आत तसाच कोरा होता. माझी समजूत अशी की अठरा वर्षं पूर्ण झाली की सरकारच्या कुठल्याशा कॉम्प्युटरमध्ये आपलं नाव आपोआप उमटतं. रिझल्ट लागतो तसं.

तर मंडळी, यंदाच्या वार्षिकांकासाठी संपादकांनी थोरांची ओळख या सदरात एक लेख मागितला तेव्हा विश्वेश्वरय्यांवर लिहावं असं ठरत आलं होतं. पण माझ्या डोक्यात ती यादी बसली होती. ही यादी पहिल्यांदा केली कोणी? लायब्ररीतल्या सरांना विचारलं, तर त्यांनी रामचंद्र गुहांचं जाडजूड पुस्तक हातात ठेवलं आणि एक नाव सांगितलं. सुकुमार सेन, भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. त्यानंतर १९५५ साली छापलेला पहिल्या निवडणुकीचा सरकारी अहवालही मी चाळला. अहवाल म्हटल्यावर कंटाळा येणार असं वाटलं होतं, पण सबमिशनच्या आठवड्यात मी तो वाचत बसलो यावरून काय ते समजा.

सेन बंगाली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले, मग लंडन विद्यापीठात, आणि तिथे त्यांना गणितात सुवर्णपदक मिळालं. आपल्यापैकी बऱ्याच जणांची एम-टू आणि एम-थ्री मध्ये काय अवस्था होते हे माहीत असल्याने इथेच माझा आदर वाढला. पुढे आयसीएसमध्ये गेले, जिल्ह्या-जिल्ह्यांत नोकरी केली, न्यायाधीश झाले. स्वातंत्र्यानंतर ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव होते. त्यांचे धाकटे भाऊ अशोककुमार सेन पुढे देशाचे कायदामंत्री झाले, त्यामुळे घरात पुढारीपण होतं. सुकुमारबाबू मात्र पडद्यामागचे गृहस्थ. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं नाही, आणि खासगी कागदपत्रंही फारशी मागे ठेवली नाहीत. त्यामुळे माणूस म्हणून ते कसे होते हे त्यांच्या कामातूनच ओळखावं लागतं.

निवडणूक आयोग स्थापन झाला २५ जानेवारी १९५० ला, म्हणजे प्रजासत्ताक होण्याच्या एक दिवस आधी. घटनेतलं त्याविषयीचं कलम ३२४ तर त्याहूनही आधी, २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झालं होतं. मार्च १९५० मध्ये सेन दिल्लीत रुजू झाले. पंडित नेहरूंना निवडणूक १९५१ च्या सुरुवातीलाच हवी होती. सेनांनी थोडा धीर धरायला सांगितलं. पंतप्रधानांना थांबा म्हणणं ही काही लहान गोष्ट नव्हे, पण ज्याला गणित येतं त्याला डेडलाइनमधली चूक लगेच दिसते. मतदारसंघ आखायचे होते, कायदा पुरा व्हायचा होता (निवडणुका कशा घ्यायच्या हे सांगणारा लोकप्रतिनिधित्व कायदा मंजूर झाला जुलै १९५१ मध्ये), आणि मुख्य म्हणजे यादी.

यादीचं काम सेन येण्याआधीच सुरू झालं होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९४८ पासून संविधान सभेच्या सचिवालयाने प्रांतांना पत्रं पाठवून घरोघर जाऊन नावं लिहायला लावली होती. त्यात पहिली मोठी अडचण आली निर्वासितांची. यादीत येण्यासाठी एका ठिकाणी १८० दिवस राहिलेलं असावं अशी अट. फाळणीत घरदार सोडून कॅम्पात आलेला माणूस हा हिशोब कुठून दाखवणार? तेव्हा असं ठरलं की त्याने इथेच कायम राहायचा इरादा आहे एवढं लिहून दिलं तरी पुरे. देश नुकता फाटलेला असताना कोणीतरी कचेरीत बसून हा निर्णय घेतला. मला हे वाचून थांबायला झालं. मी आपला बोनाफाइडसाठी ऑफिसच्या खिडकीवर दोन वेळा जायचा कंटाळा करणारा.

सेनांच्या हाती आलं ते सुमारे साडेसतरा कोटी मतदारांचं काम. वय २१ च्या पुढचे सगळे, बाई-पुरुष, श्रीमंत-गरीब. (अठराची अट ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून आली. म्हणजे १९५१ साली आपल्या सेकंड इयरच्या अख्ख्या वर्गाला मत नव्हतं.) यातल्या शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. लोकसभेच्या ४८९ जागा, विधानसभांच्या तीन हजारांवर. २ लाख २४ हजार मतदान केंद्रं. याद्या टाइप करायला साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांच्या करारावर घेतले आणि छपाईला ३ लाख ८० हजार रीम कागद लागला. मतदान अधिकारी ५६ हजार, त्यांचे मदतनीस २ लाख ८० हजार, पोलीस २ लाख २४ हजार. मी कॅल्क्युलेटरवर भाग दिला, तर एका केंद्राला सरासरी पावणेआठशेच्या आसपास मतदार येतात.

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी. वीस लाख पोलादी मतपेट्या, त्यांना ८२०० टन पोलाद. म्हणजे एक पेटी चार किलोच्या जवळपास. यातल्या बारा लाखांहून अधिक पेट्या आपल्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या, काही महिन्यांत, आणि एकीची किंमत सुमारे पाच रुपये. बाहेरून कुलूप लावायचं तर ते या भावात बसत नव्हतं, म्हणून कुलपाची यंत्रणा पेटीच्या आतच केली. आणि मतपत्रिका छापल्या कुठे? नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, आकार एक रुपयाच्या नोटेएवढा. आमच्या विंगमधल्या नाशिककरांना हे सांगितल्यापासून त्यांची कॉलर खाली आलेली नाही.

पण एवढ्या पेट्या का लागल्या? कारण वाचता न येणाऱ्याने मत द्यायचं कसं, हा प्रश्न सेनांनी अगदी साध्या रीतीने सोडवला. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. लिहायचं काहीच नाही, शिक्काही मारायचा नाही, पडद्याआड जाऊन आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. शिक्का मारायची पद्धत नंतर आली. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून आपल्याच शास्त्रज्ञांनी आठवडाभर न पुसणारी शाई केली होती. तिच्या ३ लाख ८९ हजार ८१६ कुप्या वापरल्या गेल्या. हा आकडा शेवटच्या कुपीपर्यंत मोजलेला आहे हे पाहून मला तो माणूस जरा कळल्यासारखा वाटला.

पहिली मतं पडली २५ ऑक्टोबर १९५१ ला, हिमाचलच्या चिनी तालुक्यात. बर्फ पडून वाटा बंद होण्याआधी तिथलं उरकून घ्यायचं होतं. त्या दिवशी मत दिलेले शिक्षक श्यामसरण नेगी नोव्हेंबर २०२२ पर्यंत हयात होते, आणि जाण्याच्या तीन दिवस आधीही त्यांनी टपाली मत दिलं होतं. बाकी देशाचं मतदान फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललं. लोकसभेला सुमारे ४५ टक्के लोकांनी मत दिलं. कमी वाटतं खरं, पण त्यातल्या बहुतेकांनी जन्मात पहिल्यांदाच मतपेटी पाहिली होती.

आता ज्या गोष्टीवरून आमच्या रूममध्ये दोन रात्री वाद झाला ती सांगतो.

याद्या तपासताना सेनांच्या लक्षात आलं की उत्तरेत, बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत लाखो बायकांची नावंच नाहीत. नोंद आहे, पण अमक्याची आई, तमक्याची बायको अशी. परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायचं नाही ही तिथली रीत, आणि नोंद करणाऱ्यानेही तसंच लिहून घेतलं. सेनांनी हुकूम काढला की खरी नावं लिहा. बिहारला त्यासाठी महिनाभर मुदत वाढवून दिली, तिथे तिचा उपयोगही झाला. तरीसुद्धा सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी २८ लाखांची नावं मिळाली नाहीत. ती २८ लाख नावं यादीतून काढून टाकण्यात आली.

माझा रूम पार्टनर कॉम्प्युटरचा. त्याचं म्हणणं, बरोबरच केलं. ज्या रेकॉर्डला प्रायमरी की नाही ते डेटाबेसमध्ये ठेवून करायचं काय? गावात चार रामा असतील तर रामाची बायको म्हणून कोणीही येऊन मत देऊन जाईल. मला ते पटत होतं आणि पटतही नव्हतं. चूक त्या बायकांची होती का? कित्येकींना तर विचारलंच नसेल, दारात उभ्या पुरुषाने सांगितलं असेल आणि कारकुनाने लिहून घेतलं असेल. शिक्षा मात्र त्यांना. १९५२ साली देशातला प्रत्येक सज्ञान माणूस मतदार झाला असं आपण इतिहासात लिहितो, त्यात या २८ लाख कुठे बसतात?

सेनांवर तेव्हा ओरड झालीच. पण त्यांना ती ओरड हवीच होती असं दिसतं. बोभाटा झाला तर पुढच्या निवडणुकीपर्यंत ही रीत सुटेल, असा त्यांचा हिशोब होता. आणि १९५७ ला, तेही सेनांच्याच हाताखाली, प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ९४ टक्के यादीत आल्या. म्हणजे हिशोब जुळला. तरी माझं मत असं आहे की, जिने १९५२ साली शेजारणीला मत द्यायला जाताना पाहिलं आणि जिला परत पाठवलं, तिला पाच वर्षांनंतरच्या टक्केवारीने काय समाधान मिळणार? पार्टनर म्हणतो मी भावनिक होतोय. असेन.

१९५७ ची निवडणूक सेनांनी आणखी काटकसरीने केली. जुन्या पेट्या नीट सांभाळून ठेवल्या होत्या, त्यामुळे पहिल्यापेक्षा सुमारे साडेचार कोटी रुपये कमी लागले. त्या वेळी पेट्या उघडल्यावर मतांबरोबर काय काय निघालं! कुठे उमेदवाराला शिव्या लिहिलेल्या चिठ्ठ्या, कुठे सिनेनटांचे फोटो, आणि काही पेट्यांत चक्क पैसे. ते पैसे सरकारी तिजोरीत जमा केले. आपल्या गॅदरिंगच्या वर्गणीचा हिशोब ज्यांच्याकडे असतो त्यांनी कृपया नोंद घ्यावी.

मधल्या काळात, १९५३ ला, सुदानची पहिली निवडणूक घेण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष झाले. त्या आयोगात तीन सुदानी, आणि ब्रिटन, इजिप्त व अमेरिकेचा एकेक सदस्य होता. ज्या साहेबांच्या राज्यात सेनांनी नोकरी केली त्यांचाच प्रतिनिधी आता त्यांच्या अध्यक्षतेखाली बसला होता. डिसेंबर १९५८ मध्ये ते मुख्य निवडणूक आयुक्तपदावरून निवृत्त झाले, आणि १९६० ला बर्दवान विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे शेवटी ते आपल्यासारख्या कार्ट्यांमध्येच आले.

आता माझं. हॉस्टेलवर राहणाऱ्याला आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, दोन्हीपैकी एकाच ठिकाणी नाव नोंदवता येतं. कोर्स मान्यताप्राप्त आणि किमान वर्षभराचा हवा, आणि कॉलेजचं बोनाफाइड जोडावं लागतं. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, २०२२ पासून वर्षातून चार तारखा झाल्या आहेत, त्यामुळे वाढदिवस जूनमध्ये आहे हे निमित्तही गेलं. मी जर्नलमधला तो जुना फॉर्म शोधला, त्यावर चहाचा डाग होता, म्हणून नवीन भरला. ऑफिसच्या खिडकीवर दोनदा नाही, तीनदा जावं लागलं.

पंधरा दिवसांनी बीएलओ ताई चौकशीला हॉस्टेलवर आल्या. त्या शाळेत शिकवतात आणि वर हे काम करतात. जिने चढून त्यांना धाप लागली होती. वॉचमनकाकांनी खुर्ची दिली. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं, स्पेलिंग दोनदा तपासलं, आणि मग रूम पार्टनरकडे पाहून त्याचं नाव आहे का विचारलं. डेटाबेसवाल्या साहेबांचं नव्हतं.

मी पास आउट होऊन इथून गेलो की पत्ता बदलायला फॉर्म ८ भरावा लागेल, असंही ताईंनी सांगून ठेवलंय. तो जर्नलमध्ये ठेवणार नाही.