मेरी एलिझाबेथ ब्रॅडन : रहस्यकथा आणि संसार

व्हिक्टोरियन काळातील ‘सेन्सेशन’ कादंबरीच्या इतिहासात मेरी एलिझाबेथ ब्रॅडन (१८३५–१९१५) यांचे स्थान विल्की कॉलिन्स यांच्या बरोबरीचे आहे. त्यांचा जन्म लंडनचा. बालपणीच आईवडील विभक्त झाले. चरितार्थासाठी त्यांनी मेरी सेटन या नावाने रंगभूमीवर कामे केली. पुढे प्रकाशक जॉन मॅक्सवेल यांच्याशी त्यांचे सहजीवन सुरू झाले. परंतु मॅक्सवेल यांची पत्नी आयर्लंडमध्ये हयात असल्याने विवाह अशक्य होता. त्यांच्या पहिल्या विवाहातील मुलांचाही सांभाळ ब्रॅडन यांनी केला.

याच काळात, १८६२ मध्ये, ‘लेडी ऑड्लीज सीक्रेट’ ही कादंबरी ग्रंथरूपाने आली. पती हयात असताना नाव बदलून दुसरा विवाह करणाऱ्या स्त्रीची ही कथा विलक्षण लोकप्रिय झाली. १८६४ मध्ये ब्रॅडन-मॅक्सवेल विवाहाचे वृत्त छापून आले, तेव्हा पत्नीच्या नातलगाने ते जाहीरपणे खोडून काढले. १८७४ मध्ये पत्नीच्या निधनानंतरच दोघे विवाहबद्ध झाले.

गुपित फुटताच कादंबरीतील नायिकेची रवानगी बेल्जियममधील वेड्यांच्या इस्पितळात होते. लेखिका मात्र लिहीत राहिल्या. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या ८० च्या आसपास आहे. त्यामुळे ब्रॅडन यांच्या कथेतील गुपित ही केवळ कथानकाची क्लृप्ती ठरत नाही. विवाहसंस्थेच्या चौकटीबाहेर जगणाऱ्या स्त्रीला प्रतिष्ठेसाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीचे भान तिच्यामागे आहे.