कुलूप न बघता किल्ली बनवणारे चार्ल्स डॉड्स

न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आतलं असं प्रोटीन, ज्यावर हार्मोन येऊन बसलं की ते थेट जीन्सचं काम वाढवतं किंवा थांबवतं. त्यासाठी आज औषध शोधायचं तर आधी या प्रोटीनचं थ्री-डी स्ट्रक्चर स्क्रीनवर उघडतात आणि त्यातल्या पोकळीत कोणता रेणू बसेल ते बघतात. सर एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. असा रिसेप्टर असतो हेसुद्धा तेव्हा कुणाला माहीत नव्हतं!

डॉड्स यांचा जन्म १८९९ चा, लिव्हरपूलचा. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये ते विशीतच बायोकेमिस्ट्रीचे प्राध्यापक झाले. नैसर्गिक इस्ट्रोजेन तेव्हा महाग होतं आणि तोंडावाटे घेऊन फारसा उपयोग होत नसे. त्याच्या रेणूत चार कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात. डॉड्स यांना प्रश्न पडला, हा सगळा सांगाडा खरंच लागतो का? मग एकेक भाग काढून अंडाशय काढलेल्या उंदरांवर चाचण्या सुरू झाल्या. आपण कोडमधल्या ओळी कमेंट करत जातो आणि प्रोग्रॅम अजून चालतोय का बघतो, तसंच.

पुढचा किस्सा माझा आवडता. ॲनॉल नावाचा साधा रेणू त्यांना जबरदस्त प्रभावी वाटला, पण इतर लॅबमध्ये तो चालेचना. शेवटी कळलं की खरं काम त्यात मिसळलेली किंचित अशुद्धी करत होती. दोन ॲनॉल जोडून झाल्यासारखा तो रेणू होता. हाच धागा पकडून ऑक्सफर्डच्या रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या टीमसोबत १९३८ मध्ये डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, तयार झालं. फक्त दोन कड्या, दोन्ही टोकांना एकेक ओएच गट. स्वस्त, आणि गोळीतून देता येणारं.

साठ वर्षांनी, १९९८ मध्ये, रिसेप्टरच्या पोकळीत बसलेल्या डीईएसचं स्ट्रक्चर प्रसिद्ध झालं. दोन्ही ओएच पोकळीच्या दोन टोकांना धरून होते, अगदी नैसर्गिक हार्मोनसारखे.

पण किल्ली बसते म्हणजे ती कुठल्याही दाराला लावावी असं नाही. संशोधन सरकारी पैशातून झालेलं, पेटंट घेतलं नव्हतं, त्यामुळे अनेक कंपन्यांनी डीईएस बनवलं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये त्याचा खरा उपयोग झाला. मात्र गर्भपात टळावा म्हणून ते गरोदर बायकांनाही दिलं गेलं. १९५३ मध्ये शिकागोच्या चाचणीत याचा फायदा होत नाही असं दिसलं, तरी गोळ्या चालूच राहिल्या. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. रिझल्ट समोर होता!

१९७१ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं की अशा आयांच्या काही मुलींना तरुणपणीच योनीमार्गाचा एक दुर्मीळ कॅन्सर होतोय. डॉड्स तेव्हा हयात होते. १९७३ मध्ये ते गेले.